खालच्या श्रेणीतल्या सुमो पैलवानाची कारकीर्द आकड्यांतून कशी वाचावी

जपानच्या व्यावसायिक सुमोत आज साधारण ६०० पैलवान आहेत. परदेशातल्या प्रेक्षकाला दूरचित्रवाणीच्या संक्षिप्त कार्यक्रमांत त्यांतले सर्वांत वरच्या श्रेणीचे ४२ जण तेवढे दिसतात. उरलेल्या ५०० हून अधिक पैलवानांशी त्याची गाठ पडते ती बहुधा एका कोरड्या पत्रकातूनच. त्यात वर्ष, महिना, श्रेणी, क्रमांक, विजय, पराभव आणि गैरहजेरी एवढेच असते. ही पत्रके आता संगणकावर सहज मिळतात, परंतु क्रिकेटच्या सरासरीची सवय असलेला वाचक ती हाती घेताच प्रथम विजयांची टक्केवारी काढतो आणि तेथेच त्याची दिशाभूल होते. खालच्या श्रेणींत टक्केवारी जवळजवळ काहीच सांगत नाही. जे सांगतो तो क्रमांक, आणि तोही एका स्पर्धेपासून पुढच्या स्पर्धेपर्यंत किती सरकला हे पाहिल्यावर. असे का होते आणि पत्रक कोणत्या क्रमाने वाचावे, हे पुढे सांगितले आहे.

उदाहरणासाठी तेरुनोफुजी हा मंगोलियन पैलवान घेतला आहे. तो पुढे २०२१ मध्ये ७३वा योकोझुना झाला, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च पदावर पोहोचला. त्याआधी मात्र ओझेकी या दुसऱ्या क्रमांकाच्या पदावरून तो थेट पाचव्या श्रेणीपर्यंत घसरला होता. त्याच्या पत्रकाचा तेवढा भाग शिकण्यासाठी फार उपयोगी आहे, कारण खालच्या जवळजवळ सर्व श्रेणींतून तो आधी उतरताना आणि मग चढताना दिसतो.

प्रथम शिडी समजून घ्यावी

सुमोत सहा श्रेणी आहेत. सर्वांत वर माकुउची, तिच्यात ४२ पैलवान. तिच्याखाली जूर्यो, तिच्यात २८. या ७० जणांना सेकितोरी म्हणतात आणि पगार फक्त त्यांनाच असतो. त्याखाली माकुशिता, सान्दान्मे, जोनिदान आणि जोनोकुची अशा चार श्रेणी येतात. माकुशितात १२० जण असतात. सान्दान्मेत दीर्घकाळ २०० जण असत, अलीकडे ही संख्या कमी केली आहे. शेवटच्या दोन श्रेणींना ठरावीक मर्यादा नाही. भरती जितकी, तितकी त्यांची लांबी.

प्रत्येक क्रमांकावर पूर्वेचा एक आणि पश्चिमेचा एक असे दोन पैलवान असतात, त्यांत पूर्वेचा किंचित वरचा. त्यामुळे ‘माकुशिता १०’ असे वाचले की तो त्या श्रेणीतला दहावा पैलवान नसून एकोणिसावा किंवा विसावा आहे, हे ध्यानात धरावे. क्रमांकांची ही यादी म्हणजे बान्झुके. ती प्रत्येक स्पर्धेआधी नव्याने तयार होते आणि वर्षात अशा सहा अधिकृत स्पर्धा होतात: जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये तोक्योत, मार्चमध्ये ओसाकात, जुलैमध्ये नागोयात आणि नोव्हेंबरमध्ये फुकुओकात.

आता एक छोटे काम करावे लागते, आणि ते टाळले तर पुढचे सगळे वाचन अंदाजपंचे होते. पत्रकातल्या प्रत्येक क्रमांकाचे रूपांतर वरून मोजलेल्या एका सलग स्थानात करावे. कृती सोपी आहे: वरच्या सर्व श्रेणींतली एकूण संख्या घ्यावी आणि तीत क्रमांकाची दुप्पट मिळवावी, पैलवान पूर्वेचा असेल तर एक वजा करावा. माकुशिता १० म्हणजे ७० अधिक २०, अर्थात सुमारे ९०वे स्थान. २०१९ मधला जोनिदान ४८ म्हणजे ७० अधिक १२० अधिक २०० अधिक ९६, अर्थात सुमारे ४८६वे स्थान. ज्या वर्षाचे पत्रक असेल त्या वर्षाचीच श्रेणींची संख्या वापरावी. मे १९९४ मध्ये बान्झुकेवर विक्रमी ९४३ नावे होती. त्या काळच्या जोनिदानच्या मध्यावर असलेला पैलवान आणि आजच्या जोनिदानच्या मध्यावरचा पैलवान यांच्याखाली असलेल्या माणसांची संख्या सारखी नाही, आणि जुन्या-नव्या पैलवानांची तुलना करणारे बहुतेक जण नेमके हेच विसरतात.

सात कुस्त्यांचा हिशेब

सेकितोरी १५ दिवसांत १५ कुस्त्या खेळतात. खालच्या चार श्रेणींतले पैलवान त्याच १५ दिवसांत फक्त ७ खेळतात, म्हणजे साधारण दोन दिवसांत एक. त्यामुळे पत्रकातला निकाल ‘४-३’ किंवा ‘६-१’ असा दिसतो. तिसरा आकडा असेल तर तो गैरहजेरीचा. चार विजय मिळाले की काची-कोशी, म्हणजे बाजू विजयाकडे झुकली आणि पुढच्या वेळी बढती. तीनच मिळाले की माके-कोशी, म्हणजे उतरण. समोरचा मैदानात आलाच नाही तर न खेळता मिळालेला विजयही विजय म्हणूनच मोजतात आणि न येणाऱ्याच्या नावावर पराभव लागतो. क्रमांक ठरवताना गैरहजेरीचे वजन जवळजवळ पराभवाइतकेच असते.

सात कुस्त्यांच्या जोड्या कशा लावतात, हे कळल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धांत स्विस पद्धत असते, बरीचशी तशीच ही आहे. पहिली कुस्ती शेजारच्या क्रमांकाशी होते. त्यानंतर जिंकलेला जिंकलेल्याशी आणि हरलेला हरलेल्याशी, दोघांचे गुण सारखे असतील असे पाहून जोडी लावतात. एकाच तालमीतले (जपानीत हेया) दोघे समोरासमोर येत नाहीत. त्यामुळे गणित जवळजवळ आधीच ठरलेले असते. माकुशितातल्या १२० जणांपैकी स्पर्धेअखेर साधारण एकजण ७-० असतो, सुमारे ७ जण ६-१, २० जण ५-२ आणि ३३ जण ४-३. खालच्या बाजूला हेच चित्र उलटे. म्हणजे निम्म्याहून अधिक पैलवान ४-३ किंवा ३-४ यावरच थांबतात. हे त्यांच्या मध्यमपणाचे लक्षण नव्हे. पद्धतच अशी आहे की माणूस आपल्या तोडीच्या माणसांत जाऊन पडतो.

टक्केवारी निरुपयोगी का, याचे उत्तर येथे मिळते. चांगला खेळलेला पैलवान वर जातो, तेथे त्याला तितकाच बळकट प्रतिस्पर्धी मिळतो आणि त्याचे विजय पुन्हा निम्म्यावर येतात. वाईट खेळलेला खाली जातो आणि तेथे सावरतो. माकुशिताच्या वरच्या टोकावर दहा वर्षे टिकलेला आणि जोनिदानमध्ये दहा वर्षे काढलेला अशा दोघांची एकूण टक्केवारी सारखीच, पन्नासच्या आसपास निघू शकते, आणि तरीही त्यांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

ताऱ्यांचा क्रम

सविस्तर पत्रकात प्रत्येक कुस्ती पांढऱ्या किंवा काळ्या ताऱ्याने दाखवतात. पांढरा विजयाचा, काळा पराभवाचा. हा क्रम सहसा कोणी वाचत नाही, पण वर सांगितलेल्या जोड्यांच्या पद्धतीमुळे त्यात पुष्कळ माहिती असते. समजा, एका पैलवानाने पहिल्या तीन जिंकल्या आणि पुढच्या चार हरल्या. त्याने हरलेल्या चारही कुस्त्या, त्या त्या दिवसापर्यंत ज्यांचे तीन-तीन विजय झाले होते अशांशी होत्या. दुसऱ्याने पहिल्या चार हरल्या आणि शेवटच्या तीन जिंकल्या. त्याचे विजय अशांवर आहेत ज्यांचे त्या दिवसापर्यंत चार-चार पराभव झाले होते. पत्रकात दोघेही ३-४. दोघांची घसरणही जवळपास सारखीच होईल. परंतु पुढच्या स्पर्धेत कोणाकडून अधिक अपेक्षा ठेवावी, हे ताऱ्यांचा क्रम पाहणाऱ्यालाच कळेल. म्हणून निकालाशेजारी निदान पहिल्या तीन कुस्त्यांचा हिशेब टिपून ठेवावा, असे मी सुचवीन.

अजिंक्यपदाचा निर्णय करणारी फेरकुस्ती विजय-पराभवांच्या हिशेबात धरत नाहीत. तेरुनोफुजीने मार्च २०१९ मध्ये जोनिदानात सातही कुस्त्या जिंकल्या आणि फेरकुस्तीत तो रोगा नावाच्या पैलवानाकडून हरला. रोगा अजिंक्य ठरला, तरी तेरुनोफुजीच्या पत्रकात नोंद ७-० अशीच राहिली. एखाद्याच्या नावापुढे ७-० असूनही अजिंक्यपद नाही असे दिसले, तर कारण बहुधा हेच असते.

चढउतार मोजण्याची रीत

आता तेरुनोफुजीचे पत्रक स्थानांत मांडू. मे २०१८ मध्ये तो जूर्यो ८ वर, म्हणजे ५८व्या स्थानाजवळ होता. गुडघ्यांच्या दुखापती आणि मधुमेह यांनी तो जेरीस आला होता. त्या स्पर्धेत त्याला एकही विजय मिळाला नाही. ९ पराभव आणि ६ गैरहजेऱ्या झाल्या. जुलैत माकुशिता ६, स्थान ८२, पूर्ण गैरहजर. सप्टेंबरमध्ये माकुशिता ४७, स्थान १६४, पुन्हा गैरहजर. नोव्हेंबरमध्ये सान्दान्मे २७, स्थान २४४. जानेवारी २०१९ मध्ये सान्दान्मे ८८, स्थान ३६६. मार्चमध्ये जोनिदान ४८, स्थान ४८६. एकही कुस्ती न खेळता चार स्पर्धांत सुमारे ४०० माणसे त्याच्या पुढे गेली. पहिल्या दोन गैरहजेऱ्यांना प्रत्येकी ८० च्या आसपास स्थाने गेली आणि पुढच्या दोहोंना प्रत्येकी १२० च्या आसपास. खाली गेलो की तीच शून्याची स्पर्धा अधिक खोल ढकलते.

चढताना हेच उलट दिसते आणि ते अधिक बोलके आहे. मार्चच्या ७-० ने तो ४८६ वरून २८८ वर (सान्दान्मे ४९) आला. मे महिन्यातल्या ६-१ ने २८८ वरून १८८ वर (माकुशिता ५९), जुलैच्या ६-१ ने १२४ वर (माकुशिता २७), सप्टेंबरच्या ६-१ ने ९० वर (माकुशिता १०). तीन वेळा निकाल एकच, पण कमाई अनुक्रमे १००, ६४ आणि ३४ स्थानांची. नोव्हेंबरमध्ये तो ७-० ने माकुशिताचा अजिंक्य झाला आणि जानेवारी २०२० मध्ये जूर्यो १३ वर, ६८व्या स्थानाजवळ पोहोचला. त्या सर्वांत अवघड ७-० ची किंमत केवळ २२ स्थाने.

यातून प्रत्यक्ष वापराचा एक नियम निघतो. दोन पैलवानांचे निकाल ताडून पाहताना ‘६-१ म्हणजे ६-१’ असे कधी धरू नये. स्थान जितके वरचे, तितका एकेक विजय महाग. सान्दान्मेच्या तळाशी ५-२ मिळवून आनंदणारा आणि माकुशिताच्या शिखरावर ४-३ मिळवणारा यांत दुसऱ्याचे काम कितीतरी मोठे असते. हे आकडेही यंत्रवत नाहीत, कारण बान्झुके समिती बनवते आणि वर जागा रिकामी व्हावी लागते. शेजाऱ्यांचे निकाल चांगले असतील तर त्याच ४-३ वर कमी बढती मिळते. म्हणून एखाद्याच्या एका उडीवरून निष्कर्ष काढू नये, चार-पाच स्पर्धांची रेषा पाहावी.

गैरहजेरीचे अर्थ

तिसरा आकडा शून्याहून मोठा दिसला की थांबावे, कारण तेथे पत्रक खरी ताकद लपवते. दुखापतीतून परतलेला माजी सेकितोरी जेव्हा जोनिदानात ७-० करतो, तेव्हा त्याच्याकडून हरलेल्या १६-१७ वर्षांच्या मुलांचे निकालही त्यामुळे वाकडे झालेले असतात. तोचिनोशिन या जॉर्जियन पैलवानाचे २०१४ चे पत्रक पाहावे. गुडघ्याच्या दुखापतीने तो माकुशिता ५५ पर्यंत उतरला. परतल्यावर मार्चमध्ये ७-०, मे महिन्यात माकुशिता ६ वर पुन्हा ७-०, मग जूर्योत १३-२ आणि १५-०. सलग चार अजिंक्यपदे. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, तो ओझेकी झाला. २०१४ च्या वसंतात ज्यांनी त्याच्याकडून मार खाल्ला, त्यांचा एकेक काळा तारा इतर काळ्या ताऱ्यांसारखा मोजणे अन्यायाचे आहे.

काही पत्रकांत ‘१-०-६’ किंवा ‘०-१-६’ अशा नोंदी ओळीने दिसतात. बाहेरच्याला ते आळसाचे लक्षण वाटेल. वस्तुतः जोनोकुचीत असताना पूर्ण गैरहजर राहिले तर नाव बान्झुकेवरून जाते आणि परतण्यासाठी नवशिक्यांबरोबर माएझुमो ही प्राथमिक फेरी पुन्हा खेळावी लागते. ते टाळण्यासाठी जायबंदी पैलवान प्रत्येक स्पर्धेत एकच कुस्ती खेळतो. जूर्योत पोहोचून लगेच नितंबाच्या दुखापतीने जोनोकुचीपर्यंत घसरलेल्या र्यूदेनने हेच केले आणि जानेवारी २०१८ मध्ये तो माकुउचीत पोहोचला. १९७२ ते २००३ या काळात मैदानात झालेल्या दुखापतीसाठी क्रमांक राखण्याची सोय होती; त्या वर्षांतली गैरहजेरी आजच्या मोजपट्टीने मोजू नये. तसेच मार्च २०११ ची स्पर्धा ठरवून खेळलेल्या कुस्त्यांच्या प्रकरणामुळे आणि मे २०२० ची साथीमुळे झालीच नाही; पत्रकातल्या त्या मोकळ्या जागा पैलवानाच्या नावावर लावू नयेत.

माकुशिताचा उंबरठा

माकुशिताच्या वरच्या भागात पोहोचलेल्या पैलवानाचे पत्रक वेगळ्या डोळ्यांनी वाचावे लागते, कारण तेथे एका विजयाने आयुष्य बदलते. २०१९ पासूनच्या दरांनुसार जूर्यो पैलवानाला दरमहा ११ लाख येन मिळतात. माकुशितातल्याला मासिक पगार नाही; दर स्पर्धेला, म्हणजे दोन महिन्यांतून एकदा, १ लाख ६५ हजार येनचा भत्ता. जोनोकुचीत तो ७७ हजारांवर येतो. शिवाय सेकितोरीला स्वतःची खोली आणि हाताखाली धाकटे पैलवान मिळतात, तर माकुशितातला तालमीतली कामे करतो आणि सामायिक दालनात झोपतो.

माकुशिता १ वर ४-३ केले तर बहुधा जूर्यो मिळते. माकुशिता ५ वर ४-३ केले तर जूर्योतून किती जण खाली येतात यावर सारे अवलंबून. माकुशिता १५ पर्यंतच्या क्रमांकावर ७-० केले तर बढती जवळजवळ खात्रीची. म्हणून या पट्ट्यातला निकाल वाचताना त्याच स्पर्धेतला जूर्योच्या तळाचा निकाल शेजारी ठेवावा. येथल्या पैलवानाला काही दिवस जूर्योतल्याशी खेळवतात, आणि त्या दिवशी त्याचे केस सेकितोरीसारखे ओइचो पद्धतीने, म्हणजे गिंको वृक्षाच्या पानाच्या आकारात बांधतात. अशा कुस्त्या पत्रकात वेगळ्या काढून ठेवाव्यात. जूर्योतल्यांवर मिळवलेले दोन विजय माकुशितातल्या एकूण निकालापेक्षा अधिक बोलतात.

या उंबरठ्यावर कोण किती वेगाने पोहोचला, हे विचारताना सुरुवात कोठून झाली तेही पाहावे. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांत चमकलेल्यांना त्सुकेदाशी म्हणून थेट माकुशितात किंवा सान्दान्मेत प्रवेश मिळतो. ओचिआई, आजचा हाकुओहो, जानेवारी २०२३ मध्ये माकुशिता १५ वरून ७-० करून एकाच स्पर्धेत जूर्योत गेला. एन्हो मात्र विद्यापीठातून येऊनही माएझुमोपासून चढला आणि २०१७ मध्ये मे, जुलै, सप्टेंबर अशा तीन स्पर्धांत जोनोकुची, जोनिदान आणि सान्दान्मे यांत सलग २१ कुस्त्या जिंकला. या दोघांच्या वेगाची तुलना १५व्या वर्षी माध्यमिक शाळा संपवून आलेल्या मुलाशी करू नये. तो मुलगा वाढत असतो आणि त्याच्या पहिल्या तीन वर्षांची टक्केवारी त्याच्या उंची-वजनाची नोंद म्हणूनच पाहावी.

एकूण बेरीज कधी उपयोगी पडते

बेरजेला अर्थ येतो तो शिडीच्या टोकांवर, कारण तेथे क्रमांक आणखी सरकू शकत नाही. हात्तोरीझाकुरा, पुढे शोनानझाकुरा, या पैलवानाला २०१५ ते २०२१ या कारकिर्दीत ३ विजय आणि २३० हून अधिक पराभव मिळाले, त्यांत एकदा सलग १०० हून अधिक. पन्नास टक्क्यांचा नियम येथे मोडला, कारण तळाच्या खाली त्याला ढकलायला जागाच नव्हती. हे पत्रक हसण्यावारी नेणारे पुष्कळ आहेत. मला ते त्या पद्धतीची मर्यादा दाखवणारे सर्वांत स्पष्ट उदाहरण वाटते, आणि इतके हरूनही पुढच्या कुस्तीला उभे राहणाऱ्याबद्दल आदरही वाटतो.

दीर्घ कारकिर्दींसाठी बेरजेऐवजी मधले स्थान काढावे: सर्व स्पर्धांची स्थाने चढत्या क्रमाने मांडून मधले घ्यावे. र्यूक्यू विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतलेला इचिनोया १९८३ ते २००७ खेळला आणि ४६व्या वर्षी निवृत्त झाला. हानाकाझे मार्च १९८६ मध्ये आला आणि जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी थांबला. दोघेही सान्दान्मेच्या वर कधी गेले नाहीत. अशा पत्रकांत सर्वोच्च क्रमांक एखाद्या चांगल्या वर्षाचा असतो. मधले स्थान माणूस खरोखर कोठे राहिला ते सांगते. ते पाच-पाच वर्षांचे वेगळे काढले तर चाळिशीनंतर घसरण कधी लागली, हेही दिसते.

निकाली डावांच्या तक्त्याबद्दल थोडक्यात: अधिकृत डाव ८२ आहेत, पण वर्षाला ४२ कुस्त्या आणि त्यांतले निम्मे विजय, म्हणजे २० च्या आसपास नोंदी. ढकलून जिंकणारा की पट्टा धरून जिंकणारा, एवढेच त्यातून सांगता येते.

वाचन पडताळण्यासाठी एक सोय आहे. स्पर्धा रविवारी संपते, बुधवारी समिती बसते आणि त्या दिवशी फक्त जूर्योत होणाऱ्या बढत्या, आणि असल्यास योकोझुना-ओझेकी पदांच्या, जाहीर होतात. बाकीची बान्झुके पुढच्या स्पर्धेच्या १३ दिवस आधी, सहसा सोमवारी निघते. मधल्या आठवड्यांत आपण निवडलेल्या पैलवानाचे नवे स्थान स्वतः काढून ठेवावे. माकुशितात अंदाज पाच क्रमांकांच्या आत आला तर वाचन नीट चालले आहे असे समजावे; जोनिदानात मात्र पंधरा क्रमांकांचा फरकही क्षम्य आहे, विशेषतः मे महिन्यात, कारण मार्चमध्ये शाळा संपवून आलेल्या नव्या मुलांमुळे तळाच्या श्रेणींची लांबीच बदललेली असते.